दर बूटला तीच माउंट वॉर्निंग येतेय? ती कुठे लिहिलेली आहे ते आधी शोधा

लिनक्स नवीन वापरायला लागलेल्या बऱ्याच जणांचं असं होतं की मशीन चालू होताना काळ्या स्क्रीनवर डिस्कबद्दल कसलीतरी ओळ झर्रकन येऊन जाते, मग डेस्कटॉप व्यवस्थित उघडतो, फाइल्स उघडतात, गाणी वाजतात, म्हणून आपण सोडून देतो. दुसऱ्या दिवशी परत तीच ओळ. रीस्टार्ट करतो, अपडेट मारतो, तरी तीच. अख्खी सिस्टिम पुन्हा टाकलेली माणसंसुद्धा मी बघितलीयेत, आणि तरी वॉर्निंग तशीच राहिली, कारण ती दुसऱ्या डिस्कची होती आणि त्या डिस्कला कोणी हातच लावला नव्हता.

रीस्टार्टने ती जात नाही याचं कारण साधं आहे, ती मेमरीत नसते, डिस्कवर लिहिलेली असते. प्रत्येक फाइलसिस्टिमच्या (पार्टिशनवर फाइल्स कशा मांडायच्या त्या रचनेच्या) सुरुवातीला तिची स्वतःची माहिती ठेवलेली एक जागा असते, एक्स्ट4 या लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टिममध्ये तिला सुपरब्लॉक म्हणतात, आणि कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, कधी काही गडबड सापडली की तो तिथे खूण करून ठेवतो. पुढच्या वेळी माउंट करताना, म्हणजे ती डिस्क सिस्टिमला जोडून वापरायला घेताना, ती खूण दिसली की परत सांगतो. खूण पुसायचं काम कर्नल स्वतः करत नाही, ते तपासणी करणाऱ्या प्रोग्रामचं काम, म्हणजे एफएससीकेचं. म्हणून तपासणी झालीच नाही तर वॉर्निंग वर्षभरसुद्धा येत राहील. दुसरी शक्यता अशी की डिस्क ठणठणीत आहे आणि चूक एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये आहे, जिच्यात कुठली डिस्क कुठे माउंट करायची ते लिहिलेलं असतं. बहुतेक सगळ्या चिवट वॉर्निंग या दोनपैकी एका ठिकाणी सापडतात, आणि आपल्याला आधी तेवढंच ठरवायचंय.

कमांड मी इथे बोलतो तशा देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजी अक्षरात टाइप करायच्या. जिथे स्पेलिंगचा घोळ होऊ शकतो तिथे अक्षरं फोडून सांगितलीयेत.

पायरी 1: बॅकअप, आत्ता

हे शेवटी ठेवू नका. ज्या डिस्कची वॉर्निंग येतेय तिच्यावरचे फोटो, कागदपत्रं, काम, जे परत मिळणार नाही ते सगळं दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि मगच पुढे वाचा. एफएससीके डिस्कवर लिहितो, दुरुस्ती करताना तो तुटलेल्या गोष्टी टाकूनही देऊ शकतो, त्याचं उद्दिष्ट फाइलसिस्टिमचा हिशोब जुळवणं हे आहे, तुमचा प्रत्येक फोटो वाचवणं हे नाही. कॉपी करतानाच एखादी फाइल अडकली किंवा इनपुट-आउटपुट एरर आला तर तिथेच थांबा आणि सरळ पायरी 4 वर जा.

पायरी 2: नेमकी ओळ पकडा

"काहीतरी वॉर्निंग येते" एवढ्यावर कोणीच मदत करू शकत नाही. टर्मिनल उघडा आणि 'सुडो डीमेसेज डॅश टी' चालवा (डी-एम-ई-एस-जी, आणि टी कॅपिटल, म्हणजे वेळ माणसाला कळेल अशी दिसते). ओळी हजारभर येतील, म्हणून तिचं आउटपुट पाइप करून (मध्ये उभी रेघ देऊन) 'ग्रेप डॅश आय एफएस' ला द्या. फक्त एफ आणि एस ही दोन अक्षरं शोधली तरी एक्स्ट4, फॅट, एक्सएफएस, बीटीआरएफएस, एनटीएफएस या सगळ्यांच्या ओळी सापडतात कारण कर्नलच्या मेसेजमध्ये प्रत्येकाच्या नावात एफएस येतंच. आधीच्या बूटचं बघायचं असेल तर 'जर्नलसीटीएल डॅश के डॅश बी डॅश 1'. डेस्कटॉप किंवा सिस्टिमडीकडून (बूटच्या वेळी बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्राम) येणाऱ्या ओळींसाठी डॅश के काढून टाका.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. बरेच जण जर्नलसीटीएलला 'फक्त वॉर्निंग आणि त्याच्या वरचं दाखव' असा फिल्टर लावतात आणि काही दिसलं नाही की निर्धास्त होतात. पण एक्स्ट4 चा सगळ्यात महत्त्वाचा मेसेज, ज्याच्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय, तो वॉर्निंगच्या एक पायरी खाली नोटीस म्हणून नोंदवला जातो. फिल्टर लावलात तर तोच निसटतो. म्हणून पहिल्यांदा फिल्टर नको.

आता कुठल्या ओळी सोडून द्यायच्या? 'माउंटेड फाइलसिस्टिम विथ ऑर्डर्ड डेटा मोड' ही वॉर्निंगच नाही, नेहमीची नोंद आहे. लाईट जाऊन मशीन धाडकन बंद झालं असेल तर पुढच्या बूटला 'रिकव्हरी कम्प्लीट' असं येतं, तीही चांगलीच बातमी. जर्नलमध्ये, म्हणजे फाइलसिस्टिमच्या स्वतःच्या कामाच्या वहीत, अर्धवट राहिलेलं काम एक्स्ट4 ने पूर्ण करून घेतलं एवढाच तिचा अर्थ. एक्स्ट3 पासून, म्हणजे 2001 पासून, जर्नल आहे तो याच्यासाठीच. एकदा आली आणि गेली तर विसरून जा. मशीन तुम्ही नीट शटडाउन करूनही दर बूटला येत असेल तर मात्र शटडाउनच्या वेळी डिस्क नीट अनमाउंट होत नाहीये, आणि ते शोधायला हवं.

पायरी 3: ती डिस्क कुठली

मेसेजमध्ये कंसात एसडीए2, एसडीबी1 किंवा एनव्हीएमई0एन1पी2 असं नाव असतं. 'एलएसबीएलके डॅश एफ' चालवा, प्रत्येक पार्टिशन, तिच्यावरची फाइलसिस्टिम, लेबल, यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि कुठे माउंट आहे ते सगळं एका तक्त्यात दिसतं. यूयूआयडी कागदावर किंवा मोबाइलमध्ये लिहून ठेवा, कारण एसडीए आणि एसडीबी ही नावं पुढच्या बूटला अदलाबदल होऊ शकतात, पेनड्राइव्ह लावला तरी बदलतात, यूयूआयडी बदलत नाही. चुकीच्या डिस्कवर दुरुस्ती चालवणं ही नवख्या माणसाकडून होणारी सगळ्यात महागडी चूक आहे, म्हणून हे पाच सेकंदांचं काम टाळू नका.

पायरी 4: डिस्क आजारी आहे का ते बघा, दुरुस्तीच्या आधी

लोक हे नंतर करतात. डिस्कच मरायला टेकली असेल तर तिच्यावर एफएससीके चालवणं म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला पळायला लावणं. वाचता न आलेल्या भागाला तो "इथे काही नाही" समजून हिशोब जुळवतो आणि वाचवता आली असती ती माहितीही जाते.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. ती वाचायला स्मार्टमॉनटूल्स नावाचं पॅकेज टाका आणि 'सुडो स्मार्टसीटीएल डॅश ए' पुढे अख्ख्या डिस्कचं नाव द्या, पार्टिशनचं नाही. साध्या हार्ड डिस्कसाठी चार आकडे बघायचे. 5 नंबरचा, म्हणजे खराब होऊन बदललेले सेक्टर. 197, वाचता येत नाहीयेत म्हणून लटकलेले सेक्टर. 198, दुरुस्त न होणारे. आणि 199, केबलवरून जाताना बिघडलेला डेटा. या चौघांच्या शेवटच्या रकान्यातला कच्चा आकडा शून्य असावा. 197 किंवा 198 शून्याच्या वर असेल तर दुरुस्ती विसरा, 'डीडीरेस्क्यू' वापरून अख्ख्या डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्या (उबुंटू आणि डेबियनमध्ये पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू, आधी एक जी) आणि एफएससीके त्या नकलेवर चालवा. 199 वाढलेला असेल तर डिस्क बहुतेक चांगली आहे, साटा केबल सैल किंवा खराब आहे. केबल बदला. हा आकडा केबल बदलली तरी मागे जात नाही, तो कायम राहतो, तुम्ही फक्त वाढतोय का ते बघायचं. एनव्हीएमई एसएसडी असेल तर 'मीडिया अँड डेटा इंटेग्रिटी एरर्स' ही ओळ बघा, तिथेही शून्य हवं.

आता वॉर्निंगप्रमाणे वाट वेगळी होते.

एक्स्ट4: 'एरर काउंट सिन्स लास्ट एफएससीके'

माझ्या 2 टीबीच्या डिस्कवर घरातले जुने फोटो स्कॅन करून ठेवलेत, आजोबांच्या मुंजीपासूनचे. तिच्याबद्दल डीमेसेजमध्ये ही ओळ यायची, 'एरर काउंट सिन्स लास्ट एफएससीके: 14', आणि तिच्याखाली 'इनिशियल एरर ॲट टाइम' आणि 'लास्ट एरर ॲट टाइम' असं लिहून दहा आकड्यांचा एकेक नंबर. मी कित्येक आठवडे ती बघितलीच नव्हती, कारण ती बूट होताना येतच नाही. एक्स्ट4 ही नोंद माउंट झाल्यावर साधारण पाच मिनिटांनी करतो आणि मग मशीन चालू असेल तर दर चोवीस तासांनी परत. तोपर्यंत आपण कामाला लागलेलो असतो.

ते दहा आकडे म्हणजे 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद. 'डेट डॅश डी', मग ॲटचं चिन्ह आणि त्याला चिकटून तो नंबर दिला की तारीख मिळते. त्याहून सोपं म्हणजे 'सुडो ट्यून2एफएस डॅश एल' पुढे पार्टिशनचं नाव, यात एल लहान. इथे 'फाइलसिस्टिम स्टेट' समोर 'क्लीन' एवढंच हवं, 'क्लीन विथ एरर्स' असेल तर सुपरब्लॉकमध्ये खूण आहे. आणखी खाली एकूण एरर, पहिला कधी, शेवटचा कधी, सगळं तारखेसकट. या तारखा म्हणजे तुमच्या तपासातला सगळ्यात चांगला धागा. पहिला एरर सहा महिन्यांपूर्वीचा आणि शेवटचाही त्याच दिवसाचा असेल तर एकदाच काहीतरी घडलं आणि खूण तेवढी राहिली. शेवटचा कालचा असेल तर गोष्ट अजून चालू आहे आणि आधी हार्डवेअर शोधा. माझा शेवटचा एरर आदल्याच दिवशीचा होता, स्मार्टमध्ये 199 चा आकडा तीनशेच्या वर, आणि कॅबिनेट उघडलं तर साटा केबल हलक्या बोटानेही हलत होती.

केबल बदलल्यावर दुरुस्ती. इथला एक नियम मोडायचा नाही, माउंट असलेल्या फाइलसिस्टिमवर एफएससीके चालवायचा नाही. वरून कर्नल लिहितोय आणि खालून एफएससीके लिहितोय, दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, चांगली फाइलसिस्टिमसुद्धा यात मोडते. प्रोग्राम बहुतेक वेळा स्वतःच नकार देतो, आणि कधी 'खरंच चालवू का' असं विचारलंच तर नाही म्हणा.

डेटा डिस्क असेल तर 'सुडो यूमाउंट' पुढे पार्टिशन (स्पेलिंगमध्ये यू नंतर सरळ एम, मध्ये एन नाही). 'टारगेट इज बिझी' आलं तर कुठलातरी प्रोग्राम ती वापरतोय, 'सुडो फ्यूजर डॅश व्हीएम' पुढे माउंटचा फोल्डर दिलात की कोण ते कळतं, कधीकधी दुसऱ्या खिडकीत उघडं राहिलेलं आपलंच टर्मिनल असतं. सुटली की आधी कोरडी तपासणी, 'सुडो ई2एफएससीके डॅश एफ डॅश एन' पुढे पार्टिशन. डॅश एन म्हणजे काही लिहू नको, फक्त सांग. किती गडबड आहे याचा अंदाज येतो. मग खरी, 'सुडो ई2एफएससीके डॅश एफ' (ई, मग आकडा 2, मग एफ-एस-सी-के). पाच टप्पे असतात, इनोड (प्रत्येक फाइलची नोंद), फोल्डरची रचना, फोल्डरची जोडणी, लिंकची मोजणी, आणि शेवटी रिकाम्या जागेचा हिशोब. मध्ये थांबवू नका. प्रत्येक प्रश्नाला वाय दाबून कंटाळा येत असेल तर डॅश वाय देता येतो, पण फक्त बॅकअप झालेला असेल आणि पायरी 4 चे आकडे स्वच्छ असतील तरच.

झाल्यावर माउंट करून लॉस्ट-प्लस-फाउंड हा फोल्डर रूट म्हणून, म्हणजे सुडो वापरून, उघडा. ज्या फाइल्सचा पत्ता हरवला होता त्या इथे हॅशचं चिन्ह आणि नंबर अशा नावाने येतात. फेकून देऊ नका. 'फाइल' ही कमांड तिच्यावर चालवली की जेपेग आहे का पीडीएफ ते सांगते. मला अशा नऊ मिळाल्या, आठ फोटो धडधडीत उघडले, एक अर्धा.

आणि मग मुळातला प्रश्न, बूटला आपोआप तपासणी का झाली नाही? याचं उत्तर एफएसटॅबमध्ये, शेवटच्या म्हणजे सहाव्या रकान्यात. रूटसाठी, म्हणजे ज्या पार्टिशनवर सिस्टिम आहे तिच्यासाठी, तिथे 1 असतो, बाकीच्या डिस्कसाठी 2, आणि 0 म्हणजे कधीच तपासू नको. डिस्कच्या ग्राफिकल प्रोग्राममधून ऑटोमाउंट लावलं किंवा नेटवरून एखादी ओळ उचलून चिकटवली की शेवटी बहुतेक वेळा '0 0' असतं. तिथेच सगळा घोळ. दुसरा शून्य काढून 2 करा. रोज अख्खी डिस्क तपासत बसेल अशी भीती नको, फाइलसिस्टिम क्लीन असेल तर एका क्षणात पुढे जातो, खूण असेल तरच पूर्ण तपासतो. सोबत 'सुडो ट्यून2एफएस डॅश ई रीमाउंट-आरओ' पुढे पार्टिशन, हे पण करा. नेहमीची सेटिंग एरर आला तरी चालू राहा अशी असते, म्हणून डेटा डिस्क महिनोन्महिने गपचूप बिघडत राहते. हे केलंत तर पहिल्याच एररला डिस्क फक्त-वाचा अशी होते आणि त्याच दिवशी तुम्हाला कळतं.

रूटचीच वॉर्निंग असेल तर

चालू सिस्टिममध्ये रूट अनमाउंट करता येत नाही. ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीला सिस्टिम निवडायच्या, मेनूत जा (बूट होताना शिफ्ट दाबून धरा, यूईएफआय म्हणजे नव्या फर्मवेअरच्या मशीनवर एस्केप), पहिल्या ओळीवर ई दाबा, जी ओळ लिनक्स या शब्दाने सुरू होते तिच्या शेवटी एक जागा सोडून 'एफएससीके डॉट मोड बरोबर फोर्स' आणि 'एफएससीके डॉट रिपेअर बरोबर येस' असे दोन शब्द लिहा, बरोबरच्या जागी बरोबरचं चिन्ह, आणि एफ10 दाबा. हा बदल त्या एकाच बूटपुरता असतो. उबुंटू किंवा डेबियनवर तपासणीत काय झालं ते रन फोल्डरमधल्या इनिटरॅमएफएसमध्ये एफएससीके डॉट लॉग म्हणून मिळतं. हे अवघड वाटत असेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करून वरचीच ई2एफएससीके चालवा, मला हेच जास्त आवडतं कारण काय होतंय ते डोळ्यासमोर दिसतं.

काही वेळा मशीन 'अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली' म्हणून बिझीबॉक्सच्या काळ्या प्रॉम्प्टवर उभं राहतं. घाबरू नका. मेसेजमध्येच पार्टिशनचं नाव असतं, तेव्हा रूट अजून माउंटही झालेली नसते, म्हणून 'एफएससीके डॅश एफ' पुढे ते नाव द्या, प्रश्नांची उत्तरं द्या आणि शेवटी 'एक्झिट'.

फॅट: 'वॉल्यूम वॉज नॉट प्रॉपरली अनमाउंटेड'

ही यूईएफआयच्या बूट पार्टिशनची असते किंवा पेनड्राइव्ह न सांगता उपसल्याची. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल नेम नाही, त्यामुळे ज्याच्याकडे यूपीएस नाही अशा प्रत्येक डेस्कटॉपवर ही मला सापडलीये. फॅटला जर्नल नाही, फक्त एक डर्टी खूण असते. माउंट झाल्यावर ती लागते, नीट अनमाउंट झाल्यावर निघते. पण माउंट करतानाच खूण आधीची लागलेली दिसली तर लिनक्स ती मुद्दाम तशीच ठेवतो, कारण मागे काय बिघडलं ते त्याने तपासलेलं नसतं. म्हणून त्यानंतर तुम्ही शंभर वेळा नीट शटडाउन केलंत तरी वॉर्निंग येतच राहते. उपाय दोन मिनिटांचा, 'सुडो यूमाउंट' पुढे बूट-ईएफआय फोल्डर, मग 'सुडो एफएससीके डॉट फॅट डॅश ए' पुढे पार्टिशन, मग परत माउंट. डॉसएफएसटूल्स हे पॅकेज लागतं, ते नसेल तर बूटच्या वेळची तपासणीही होत नाही. इथेही एफएसटॅबचा सहावा रकाना शून्य आहे का बघा.

एनटीएफएस: विंडोजशेजारी लिनक्स

'व्हॉल्यूम इज डर्टी' किंवा 'अनक्लीन फाइलसिस्टिम' असं येऊन विंडोजची डी ड्राइव्ह माउंटच होत नाही किंवा फक्त वाचता येते. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउन हे खरं शटडाउन नसतं, ते अर्धं हायबरनेट असतं, आणि ड्राइव्हचा काही हिशोब विंडोजने स्वतःकडे राखून ठेवलेला असतो. लिनक्स हात लावत नाही ते बरोबरच करतो. विंडोजमध्ये जा, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ' चालवा (हायबरनेट आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही जातं), मग 'चेकडिस्क डी कोलन स्लॅश एफ' (सी-एच-के-डी-एस-के), आणि नीट शटडाउन. लिनक्सकडे 'एनटीएफएसफिक्स' आहे, पण तो चेकडिस्कची जागा घेत नाही, फोर्स करून माउंट करण्याचा सल्ला तर मी कोणालाच देणार नाही.

डिस्क चांगली, एफएसटॅब चुकीची

बूट होताना 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' म्हणून दीड मिनिट मोजत बसतो, मग पुढे जातो किंवा इमर्जन्सी मोडमध्ये टाकतो. याचा अर्थ एफएसटॅबमध्ये अशी यूयूआयडी आहे जी आता कुठल्याच डिस्कची नाही. पार्टिशन फॉरमॅट केली की यूयूआयडी नवीन होते, दुसरं लिनक्स शेजारी टाकताना इन्स्टॉलरने स्वॅप पार्टिशन परत फॉरमॅट केली तर पहिल्या लिनक्सला हे हमखास होतं. 'सुडो फाइंडमाउंट डॅश डॅश व्हेरिफाय' (एफ-आय-एन-डी-एम-एन-टी) ही कमांड मला फार उपयोगी वाटते, आणि नवख्यांना ती कोणी सांगत नाही. ती अख्खी एफएसटॅब तपासून कुठल्या ओळीत काय चुकलंय ते सांगते.

बदल करायच्या आधी एफएसटॅबची कॉपी करा. मग एलएसबीएलकेमधली खरी यूयूआयडी टाका, आणि जी डिस्क नसली तरी मशीन चालू व्हायला हवं तिच्या ऑप्शनमध्ये स्वल्पविराम देऊन 'नोफेल' जोडा, बाहेरच्या यूएसबी डिस्कला तर नक्कीच. सेव्ह केल्यावर 'सुडो सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड' (डी-ए-ई-एम-ओ-एन), कारण सिस्टिमडीने जुनी एफएसटॅब वाचून ठेवलेली असते, आणि 'युअर एफएसटॅब हॅज बीन मॉडिफाइड' ही जी सूचना माउंट करताना येते ती एवढ्यासाठीच. मग 'सुडो माउंट डॅश ए'. ही कमांड गप्प राहिली तरच रीस्टार्ट करा. इमर्जन्सी मोडमध्ये अडकलातच तर लॉगिन करून 'माउंट डॅश ओ रीमाउंट,आरडब्ल्यू स्लॅश' केलं की एफएसटॅब नॅनो या एडिटरमध्ये उघडून चुकीच्या ओळीच्या सुरुवातीला हॅश टाकता येतो.

एक जरा फसवी वॉर्निंग आहे, 'डिरेक्टरी टू माउंट ओव्हर इज नॉट एम्प्टी, माउंटिंग एनीवे'. कधीतरी डिस्क माउंट नसताना एखाद्या बॅकअप किंवा डाउनलोडच्या प्रोग्रामने त्या रिकाम्या फोल्डरमध्ये फाइल्स लिहिल्या, आता डिस्क वर माउंट झाली आणि त्या खाली झाकल्या गेल्या. दिसत नाहीत पण रूटची जागा खात राहतात. डिस्क अनमाउंट करून फोल्डरमध्ये बघा, हव्या त्या हलवा, बाकीच्या काढा. फोल्डर रिकामा झाला की डिस्क माउंट नसतानाच त्याच्यावर 'सुडो सीएचएटीटीआर प्लस आय' चालवलंत तर पुन्हा तिथे कोणाला लिहिता येणार नाही, आणि डिस्क मात्र नेहमीसारखी माउंट होते.

2038 ची ओळ

'सपोर्ट्स टाइमस्टॅम्प्स अनटिल 2038' बघून लोक दचकतात. डिस्कला काही झालेलं नाही, तिच्यावर वेळ 32 बिटमध्ये लिहिली जाते आणि तो आकडा 19 जानेवारी 2038 ला, भारतात सकाळी 8 वाजून 44 मिनिटांनी संपतो. जुन्या एक्सएफएसवर किंवा 128 बाइटचे इनोड असलेल्या एखाद्या छोट्या एक्स्ट4 बूट पार्टिशनवर दिसते. आज काही करायची गरज नाही, पुढच्या वेळी मशीन नव्याने उभं कराल तेव्हा पार्टिशन नव्या टूल्सने फॉरमॅट करा.

बीटीआरएफएसवाल्यांसाठी एवढंच सांगतो, 'बीटीआरएफएस चेक' ला रिपेअर जोडून चालवू नका, त्याने नुकसान वाढू शकतं. 'बीटीआरएफएस स्क्रब स्टार्ट' वापरा. 'डिव्हाइस स्टॅट्स' मधले एररचे आकडे जुने असले तरी तसेच राहतात, दोष काढल्यावर डॅश झेड देऊन शून्य करा म्हणजे नवीन आला तर कळेल.

झालं की नाही ते कसं कळणार

रीस्टार्ट करा, दहा मिनिटं थांबा (एक्स्ट4 ची पाच मिनिटं आठवतायत ना), परत डीमेसेज. ओळ नाही, ट्यून2एफएसमध्ये स्टेट क्लीन आणि एररचा आकडा गायब, म्हणजे खूण गेली. पुढच्या रविवारी परत एकदा बघा, आणि स्मार्टचा 199 चा आकडा लिहून ठेवलेल्या आकड्याशी ताडून बघा.

आठवड्याभरात खूण परत आली, केबल नवी आहे, स्मार्ट स्वच्छ आहे, तर मग डिस्कचा नाद सोडा आणि रॅमकडे बघा. खराब रॅममध्ये डेटा आधीच बिघडतो आणि बिघडलेलाच डिस्कवर लिहिला जातो, डिस्क बिचारी जे दिलं ते इमानेइतबारे जपते. मेमटेस्ट86प्लस पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालू ठेवा. सकाळी एक जरी लाल ओळ दिसली तर रॅमची एकेक पट्टी काढून परत चालवा, कुठली खराब आहे ते सापडेपर्यंत, आणि तोपर्यंत त्या मशीनवर एफएससीकेसुद्धा चालवू नका.